तुमचे पाच आमदार आणि अल्पमतातलं सरकार: पाठिंबा द्यायचा तर कोणत्या वाटेने?

नंदुरबार जिल्हा परिषदेचा जानेवारी २०२० चा निकाल आठवा. भाजप २३, काँग्रेस २३, शिवसेना ७, राष्ट्रवादी ३. दोन मोठे पक्ष बरोबरीत अडकले आणि ५६ जणांच्या सभागृहाची किल्ली सात जणांच्या हातात आली. अध्यक्षपद काँग्रेसला गेलं, उपाध्यक्षपद शिवसेनेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा निवड झाली, तेव्हा अध्यक्षपद भाजपकडे गेलं. पारावरचा प्रश्न मात्र दोन्ही वेळेला तोच: "आपले काय भेटनं, भो?"

हा आढावा त्या प्रश्नासाठी आहे, आणि तो विचारणाऱ्यांपेक्षा ज्यांना उत्तर द्यावं लागतं त्यांच्यासाठी. म्हणजे छोट्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष, स्थानिक आघाडीचा नेता, निवडून आलेला अपक्ष. खानदेशात विधानसभेच्या २० जागा आहेत: जळगावात ११, धुळ्यात ५, नंदुरबारात ४. समजा उद्या यातल्या पाच जागा तुमच्या आघाडीने मारल्या आणि मुंबईत सगळ्यात मोठ्या पक्षाला नेमके चार-पाच आमदार कमी पडले. रात्री फोन सुरू होतील. तेव्हा विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो आत्ताच केलेला बरा.

आधी समोरच्याची गरज नीट मोजा. अल्पमतातल्या सरकारला रोजच्या रोज बहुमत लागत नाही. ते पडतं दोनच ठिकाणी: विश्वास-अविश्वासाच्या ठरावावर आणि पैशाच्या मतदानावर. अर्थसंकल्प, विनियोजन विधेयक, पुरवणी मागण्या ही सगळी पैशाची मतं. बाकी विधेयकं हरली तर नाचक्की होते, सरकार जात नाही. दुसरं असं की बहुमताचा १४५ हा आकडा विधानसभेच्या २८८ पैकी सगळे हजर राहून मत देतात असं धरून आलेला आहे. ठराव मंजूर होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने. वीस आमदार तटस्थ राहिले, तर २६८ मध्ये १३५ पुरतात. म्हणजे तुमच्याकडे विकायला 'हो' असतं तसं 'गप्प बसणं'ही असतं, आणि दोन्हींचे भाव वेगळे.

वाटा मुख्यतः चार. सत्तेत सामील होणं, लेखी कराराने बाहेरून पाठिंबा देणं, प्रत्येक मुद्द्यावर नवा सौदा करणं, आणि तटस्थ राहणं.

मंत्रिपद घेऊन आत जाणं

सगळ्यांना पहिली हीच वाट दिसते, कारण लाल दिवा गेला तरी केबिन आहे. मंत्री झालं की फाइल हातात येते, सचिवाला बोलावता येतं, आणि नशीब असेल तर पालकमंत्रिपद मिळून जिल्हा नियोजन समिती ताब्यात येते. कार्यकर्त्यांना दाखवायला काहीतरी असतं. हे फायदे खरे आहेत, उगाच नाकारू नयेत.

पण हिशोब पाहा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. १९९५ मध्ये हे बंधन नव्हतं. शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून १३८ होत होते, ४५ अपक्ष निवडून आले होते, आणि मनोहर जोशींच्या सरकारला त्यांच्यातल्या काहींना मंत्री करणं सहज परवडलं. आता ४३ खुर्च्यांसाठी मोठ्या पक्षाच्याच पोटात भांडणं असतात. पाच आमदारांच्या गटाच्या वाट्याला फार तर एक कॅबिनेट येईल, बहुधा राज्यमंत्रिपदच. राज्यमंत्र्याकडे किती फाइली येतात हे ज्याने मंत्रालयाचे जिने झिजवले त्याला सांगायला नको.

आणि आत गेलात की सामूहिक जबाबदारी आली. मंत्रिमंडळाने घेतलेला प्रत्येक निर्णय तुमचा. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने २०१० मध्ये ५७ खासदारांच्या जोरावर उपपंतप्रधानपद घेतलं. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं प्रचारात लेखी दिलं होतं. सरकारने फी वाढवली. मतदानपद्धती बदलण्यासाठी सार्वमत मिळवलं, तेही २०११ मध्ये हरले. २०१५ मध्ये उरले ८. तेलही गेलं, तूपही गेलं.

आपल्याकडचं उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावं. २०१४ मध्ये भाजपचं सरकार १२२ आमदारांवर उभं राहिलं, तेव्हा महसूल आणि जलसंपदा ही दोन्ही वजनदार खाती जळगाव जिल्ह्याकडे होती. एवढं असूनही अमळनेर तालुक्यात पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प काही त्या पाच वर्षांत पूर्ण झाला नाही. यात एका कुणाचा दोष काढायचा नाही. धरणाला लागतो तो दरवर्षीचा निधी, भूसंपादन आणि केंद्राच्या मान्यता. खातं कुणाकडे आहे हा त्यातला एक भाग झाला. खातं मिळालं म्हणजे काम मिळालं असं धरून चालू नये.

उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये भाजप २४० वर अडकला. तेलुगू देसमचे १६ आणि जनता दल युनायटेडचे १२ खासदार सत्तेत सामील झाले. जुलैच्या अर्थसंकल्पात अमरावती राजधानीसाठी १५,००० कोटी रुपयांची व्यवस्था जाहीर झाली. विशेष राज्याचा दर्जा मात्र मिळाला नाही. यावरून एक ढोबळ अंदाज बांधता येतो: आत बसून पैसा काढता येतो, केंद्राचं धोरण वाकवणं अवघड.

बाहेरून पाठिंबा, पण कागदावर

माझा कल या वाटेकडे आहे, म्हणून तिच्या खाचखळग्यांवरही जास्त बोलतो.

तत्त्व सोपं. विश्वासाच्या ठरावावर आणि अर्थसंकल्पावर आम्ही तुमच्यासोबत. बदल्यात ही यादी, या तारखांपर्यंत. बाकी प्रश्नांवर आम्ही मोकळे. मंत्रिपद नाही, म्हणून सरकारच्या प्रत्येक चुकीची जबाबदारीही नाही.

देशात याचा सगळ्यात मोठा प्रयोग २००४ ते २००८ चा. डाव्यांचे ५९ खासदार मनमोहन सिंग सरकारच्या बाहेर उभे राहिले. किमान समान कार्यक्रम लिहिला गेला, समन्वय समिती बसली, लोकसभेचं अध्यक्षपद सोमनाथ चॅटर्जींकडे आलं. रोजगार हमी कायदा आणि माहितीचा अधिकार २००५ चे, वनहक्क कायदा २००६ चा. या कायद्यांचं श्रेय एकट्या डाव्यांचं नाही, जनआंदोलनांचं मोठं आहे आणि काँग्रेसमधल्याही काहींचं आहे. पण सरकारला त्यांच्या मतांची गरज होती, म्हणून या मागण्या खालच्या कप्प्यात पडून राहिल्या नाहीत. अक्राणी-अक्कलकुव्यात ज्यांच्या हातात वनपट्टा आला, त्यांच्यासाठी बाहेरून दिलेल्या पाठिंब्याचा अर्थ तो कागद आहे. मंत्रिपद न घेता एवढं पदरात पडू शकतं.

मग बिघडलं कुठे? अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावर जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला. तोवर सरकारने समाजवादी पक्षाशी सूत जुळवलं होतं. २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ मतांनी सरकार वाचलं. चॅटर्जींनी अध्यक्षपद सोडायला नकार दिला आणि पक्षाने त्यांनाच काढलं. पुढच्या वर्षी डावे ५९ वरून २४ वर आले. बंगालातली नाराजी हे त्याचं मोठं कारण होतं, तरी पाठिंबा काढून सरकार पडलंही नाही आणि मतदाराला तो मुद्दा भिडलाही नाही, हे उरतंच. पाठिंबा काढायची वेळ आलीच, तर ती तुमच्या मतदाराला घरात कळणाऱ्या मुद्द्यावर यावी. केळीचा विमा, कापसाची खरेदी, तापीचं पाणी. अणुभट्टीवर नव्हे.

ब्रिटनमध्ये २०१७ साली थेरेसा मे यांचं बहुमत गेलं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाकडे १० खासदार. २६ जूनला करार झाला, तो जाहीर छापला गेला, आणि उत्तर आयर्लंडला दोन वर्षांत १०० कोटी पौंड जादा मिळायचं ठरलं. दहा खासदारांत एवढा पैसा, एकही मंत्रिपद न घेता! पुढे ब्रेक्झिटच्या करारावर याच पक्षाने सरकारविरुद्ध मतदान केलं आणि लगेच जानेवारी २०१९ च्या अविश्वास ठरावात सरकारला वाचवलंही. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला अशी कसरत करता येते, मंत्र्याला येत नाही. मात्र पंतप्रधान बदलले, बोरिस जॉन्सन आले, आणि त्यांनी उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मध्ये, आयरिश समुद्रात तपासणीची रेषा मान्य केली. डीयूपीला हे अजिबात नको होतं. करार ज्या नेत्याशी केला तो गेला की कराराचं काय, हे लिहून घेतलेलं बरं.

कॅनडाचं उदाहरण आपल्या चर्चेत क्वचित येतं, पण निर्णय घेणाऱ्याने ते बघावंच. मार्च २०२२ मध्ये एनडीपी या २५ खासदारांच्या पक्षाने जस्टिन ट्रुडो यांच्या अल्पमतातल्या सरकारशी जून २०२५ पर्यंतचा करार केला. मागितलं काय? कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दातांच्या उपचाराची योजना आणि औषधांच्या खर्चाच्या योजनेची सुरुवात. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या. करार म्हणून पाहिला तर हा फार यशस्वी करार. सप्टेंबर २०२४ मध्ये एनडीपीने तो मोडला. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत पक्षाला मिळाल्या ७ जागा.

पोर्तुगालमध्येही तसंच. २०१५ मध्ये अंतोनियु कॉश्ता यांच्या समाजवादी पक्षाने डाव्या पक्षांशी वेगवेगळे लेखी करार केले. कापलेले पगार परत मिळाले, रद्द केलेल्या चार सुट्ट्या परत आल्या, किमान वेतन वाढलं. सरकारने चार वर्षं पूर्ण केली. नंतर लेखी करार उरला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये डाव्यांनी अर्थसंकल्प पाडला, जानेवारी २०२२ मध्ये निवडणूक झाली. समाजवाद्यांना एकट्याला बहुमत. लेफ्ट ब्लॉक १९ वरून ५ वर, कम्युनिस्टांची आघाडी १२ वरून ६ वर.

म्हणजे काम झालं तरी श्रेय सरकारचं, आणि पाठिंबा काढला तर खापर तुमच्यावर. या वाटेचा हा खरा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही, कमी करता येतो. डीयूपी २०१९ मध्ये १० वरून ८ वर आला, भुईसपाट झाला नाही. त्याचं एक कारण त्याचा मतदार एका प्रदेशापुरता होता. मोठा पक्ष तिथे जाऊन श्रेय लुटू शकत नव्हता. एनडीपीचा मतदार देशभर विखुरलेला, ट्रुडोंच्या पक्षाचाही तोच. तुमची आघाडी खानदेशापुरती असेल आणि मोठ्या पक्षाचंही चिन्ह त्याच गावात चालत असेल, तर तुम्ही डीयूपीपेक्षा एनडीपीच्या जास्त जवळ आहात. हे आधीच समजून घ्या. मग मागणी अशी निवडा की तिच्यावर तुमचंच नाव राहील.

दर वेळेला नवा सौदा

तिसऱ्या वाटेत कायमचा करार नाही. अर्थसंकल्प आला, बोला. विधेयक आलं, पुन्हा बोला. या खेळात स्पेनच्या बास्क प्रांतातला पीएनव्ही पक्ष मुरलेला. २३ मे २०१८ रोजी त्याच्या पाच खासदारांनी मारियानो राहॉय सरकारचा अर्थसंकल्प पार करून दिला आणि बास्क प्रांतासाठी तरतुदी मिळवल्या. १ जूनला त्याच पाच जणांनी राहॉय यांना पाडायच्या ठरावावर मत दिलं. नवे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी आधीचाच अर्थसंकल्प चालू ठेवायचं कबूल केलं होतं. म्हणजे मिळालेला पैसाही सुरक्षित. नैतिकदृष्ट्या काय म्हणायचं ते म्हणा, हिशोबाला तोड नाही.

तेरुएलची गोष्ट खानदेशाला जास्त जवळची वाटेल. स्पेनमधला हा ओसाड पडत चाललेला प्रांत. रेल्वे धड नाही, तरुण पोरं शहरात. 'आम्हीही आहोत' अशा अर्थाचं नाव घेऊन एक नागरिक मंच निवडणुकीत उतरला आणि २०१९ मध्ये त्याचा एक खासदार निवडून आला. जानेवारी २०२० मध्ये सांचेझ यांची निवड १६७ विरुद्ध १६५ अशी झाली, त्यात ते एक मत होतं. मनमाड-इंदूर रेल्वेची वाट बघण्यात धुळ्याच्या पिढ्या गेल्या. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली. धुळेकरांना तेरुएलचं दुखणं समजावून सांगायला नको. पण तेही पूर्ण सांगतो: २०२३ च्या निवडणुकीत त्या मंचाची जागा गेली.

ही वाट चालायला दोन गोष्टी लागतात. एक, तुम्ही खरोखर दोन्ही बाजूंना जाऊ शकता हे समोरच्याला पटलेलं हवं. ज्याचा मतदार एकाच बाजूचा आहे, त्याची धमकी पोकळ ठरते. दोन, सभागृहात कायम हजर राहून प्रत्येक मागणी वाचणारा माणूस हवा. पाच आमदारांत असा एकही नसेल, तर सौदा रोज होणार आणि रोज तुम्ही फसणार.

आणि या वाटेवर पाकिटाची शंका सगळ्यात जास्त. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकार २६५ विरुद्ध २५१ मतांनी वाचलं, त्यात झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण निघालं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण असल्याचं ठरवलं होतं. मार्च २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. आता लाच घेऊन दिलेल्या मताला सभागृहाचं कवच नाही. जिल्ह्यासाठी धरण मागणं वेगळं आणि स्वतःसाठी पेटी मागणं वेगळं. हा फरक दाखवायचा तर मागणी जाहीर आणि लेखी असणं हाच बचाव.

गप्प बसणं

तटस्थ राहण्याला आपल्याकडे किंमत देत नाहीत. स्वीडनमध्ये देतात. तिथे पंतप्रधान व्हायला बहुमत बाजूने असावं लागत नाही, विरोधात नसलं की पुरतं. जानेवारी २०१९ मध्ये डाव्या पक्षाने स्टेफान ल्यूवेन यांना तटस्थ राहून पंतप्रधान होऊ दिलं आणि बजावलं की घरभाडी बाजारावर सोडलीत तर अविश्वास आणू. सरकारने ते मनावर घेतलं नाही. २१ जून २०२१ रोजी अविश्वास ठराव मंजूर झाला; असा हरलेला हा स्वीडनचा पहिला पंतप्रधान. घरभाड्याचा प्रस्ताव गुंडाळला गेला आणि जुलैमध्ये ल्यूवेन परत आले. मागणी एकच, ती आधी जाहीर केलेली, आणि शब्द पाळला.

महाराष्ट्रात याच्या नेमकं उलटं झालं. १९ ऑक्टोबर २०१४ ला निकाल लागत असतानाच राष्ट्रवादीने, ४१ आमदार हातात असताना, भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर करून टाकला. बदल्यात जाहीरपणे काही मागितलं नाही. १२ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, डोकी मोजावीच लागली नाहीत. यात मार बसला शिवसेनेला. युती तुटल्याची घोषणा मुक्ताईनगरच्या एकनाथ खडसेंनी केली होती, निकालानंतर ६३ आमदारांची सेना भाव वाढण्याची वाट बघत होती, आणि फुकटचा पाठिंबा बाजारात आल्याबरोबर तिचा भाव पडला. डिसेंबरमध्ये ती सरकारात गेली, उपमुख्यमंत्रिपदाशिवाय. बोलणी करताना स्वतःच्या आकड्याइतकंच हे बघावं की आणखी कोण किती स्वस्तात उभं राहायला तयार आहे.

कायदा तुमच्या बाजूने किती?

थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी, १९८५) पक्षाचा व्हिप मोडला तर आमदारकी जाते. २००३ नंतर एक तृतीयांश फुटीची सोय गेली. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, एवढी पळवाट उरली. छोट्या पक्षाला खरी भीती इथेच. तीन आमदारांच्या पक्षात दोघं फोडले की झालं. पाचांत चार. राजस्थानात बसपाचे सहा आमदार २००८ मध्ये निवडून आले आणि सत्तेवरच्या काँग्रेसमध्ये विलीन झाले. २०१८ मध्ये पुन्हा सहा आले, पक्षाने बाहेरून पाठिंबा दिला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सहाच्या सहा पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. मायावतींच्या हाती दोन्ही वेळा पत्रकच राहिलं. म्हणून बाहेरच्या पाठिंब्याचा निर्णय घेताना आपल्या आमदारांना विचारा, आणि त्यांच्या घरच्यांनाही.

अपक्षाचं गणित निराळं. तो निवडून आल्यावर कुठल्या पक्षात शिरला तर अपात्र ठरतो, पाठिंबा मात्र देऊ शकतो. २०१९ मध्ये साक्री आणि मुक्ताईनगर या दोन मतदारसंघांनी अपक्ष आमदार पाठवले; दोघांनी शिवसेनेला साथ दिली आणि २०२२ च्या बंडात दोघं शिंदे गटाबरोबर गेले. अपक्षाला व्हिप नाही, हीच त्याची ताकद. पक्षयंत्रणा नाही, ही अडचण. एकट्याने पाच वर्षं लेखी करार राबवून घेणं जवळपास अशक्य, म्हणून अपक्षाने सरळ दोन-तीन कामं ठरवून घ्यावीत आणि मंत्रिपद मिळत असेल तर तेही न लाजता घ्यावं.

पत्रात काय लिहून घ्यायचं

आपली मंडळी इथेच गळपटतात. "खानदेशाचा अनुशेष दूर करू" हे वाक्य करारात आलं की समजावं, काही मिळणार नाही. त्याऐवजी: अमुक उपसा सिंचन योजनेची सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे आपल्या भाषेत सुप्रमा, पावसाळी अधिवेशनाआधी. तिची तरतूद त्याच अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत, आणि टोकन नव्हे, या वर्षी जेवढं काम होईल तेवढी. भूसंपादनाचे पैसे वेगळ्या ओळीत. शासन निर्णय निघाल्याची तारीख. निविदा, कार्यारंभ आदेश. केळीच्या हवामान आधारित विम्यात निकष बदलायचे असतील, तर नव्या हंगामाची अधिसूचना निघण्याआधी. ती निघाल्यावर सगळं पुढच्या वर्षावर जातं.

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला याची नीट जाण आहे. केळीचा घड एकदा कापून गाडीत चढला की भाव आपल्या हातात राहत नाही, मग व्यापाऱ्याच्या मागे फिरायचं. मताचंही तसंच. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी सगळं देऊन बसू नका. महाराष्ट्रात वर्षाला तीन अधिवेशनं होतात, मार्चमध्ये अर्थसंकल्प आणि एरवी पुरवणी मागण्या येतच असतात. म्हणजे सरकारला तुमची गरज वर्षातून अनेकदा पडते. मागण्यांचे तुकडे करून प्रत्येक अधिवेशनाला एक तुकडा बांधा. करार पाच वर्षांचा न करता वर्षाचा करा, मार्चनंतर नवा. आणि समन्वय समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर वित्त विभागाचा माणूस बसवून घ्या, कारण नाही म्हणणारा तोच असतो.

चार वाटांतून निवड करताना माझा हिशोब असा. चार-सहा आमदार, प्रादेशिक मतदार, हातात एक-दोन ठोस मागण्या: लेखी करार, बाहेरून. दोन्ही आघाड्यांशी बोलता येतं आणि सभागृहात अभ्यासू माणूस आहे: मुद्द्यागणिक सौदा, त्यात पैसा जास्त निघतो. मतदार सरकारवर चिडलेला आहे पण निवडणूक परत नको आहे: तटस्थ राहा आणि एकच अट जाहीर करा. आमदार टिकतील याचीच खात्री नसेल, तर आदर्शवाद बाजूला ठेवून सत्तेत जा. मंत्रिपद नसलेला गट आपल्याकडे फार दिवस एकत्र राहत नाही.

जिल्हा परिषद आणि नगरपालिकेत हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे सत्ता स्थापन होताना जी किंमत मिळते तीच मोठी. जिल्हा परिषद अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची आणि अविश्वासाला साधं बहुमत पुरत नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून आलेला असेल, तर त्याला तुमच्या मताने पदावरून हलवणं कठीण. तुमचं वजन उरतं ते अंदाजपत्रकाच्या सभेत आणि विषय समित्यांत. तेव्हा इथे मागायचं ते निवडीच्या दिवसाआधी मागा, सभापतिपदं लिहून घ्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे गटाची नोंदणी सगळ्यांच्या सह्यांनिशी वेळेत करा. स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा वेगळा अपात्रता कायदा आहे, आणि नोंदवलेल्या गटालाच त्याचं संरक्षण मिळतं.

एक पाचवी ऑफरही येते, विशेषतः त्रिशंकू नगरपालिकेत: "पद तुम्ही घ्या, आम्ही बाहेरून पाठिंबा देतो." लहान गटाला हे ऐकून गुदगुल्या होतात. देशाच्या पातळीवर ती स्वीकारलेल्यांपैकी तिघं पाहा. चरणसिंगांनी २८ जुलै १९७९ ला शपथ घेतली आणि लोकसभेला सामोरं जाण्याआधीच, २० ऑगस्टला, राजीनामा दिला. चंद्रशेखर नोव्हेंबर १९९० मध्ये आले आणि राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या पोलिसांची पाळत असल्याच्या वादावरून मार्च १९९१ मध्ये गेले. देवेगौडांना जेमतेम अकरा महिने मिळाले. तिन्ही वेळा पाठिंबा काढणारा पक्ष एकच होता, काँग्रेस, आणि पत्रात मुदत लिहिलेली नव्हती.